चौरस मायक्रॉनवर कस लागतो: क्षेत्रफळ रूपांतराच्या चार साधनांची परीक्षा

चौरस मीटरचे चौरस फूट करून देणारं साधन कोणतंही घ्या, उत्तर बरोबरच येतं. त्याच साधनाला तारेचा छेद, सेन्सरचा एक पिक्सल किंवा सूक्ष्मदर्शकाखालचा एक चौकोन दिला की त्याचा कस लागतो. मग कुठे एककच यादीत सापडत नाही, कुठे उत्तराच्या जागी नुसतं ०.०० दिसतं, तर कुठे दहा लाख पटींनी चुकलेला आकडा इतक्या शांतपणे समोर येतो की शंकाही येत नाही. या कामासाठी हाताशी असणारी चार साधनं इथे तपासली आहेत: विंडोजमधला कॅल्क्युलेटर, गूगलची रूपांतराची पेटी, एक्सेलचं ‘कन्व्हर्ट’ फंक्शन आणि ‘ग्नू युनिट्स’ हा मोफत प्रोग्रॅम. निकाल आधीच सांगून टाकतो: रोजचं काम असेल तर ग्नू युनिट्स घ्या. मात्र त्याचेही खास सापळे आहेत, आणि या परीक्षणाची बरीचशी जागा त्यांनीच घेतली आहे.

एक सूचना. खाली प्रोग्रॅमला द्यायच्या ओळी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात एककांची नावं इंग्रजी स्पेलिंगने आणि आकडेही इंग्रजीच टाइप करायचे.

आधी हिशेब नेमका कुठे फसतो ते पाहू. चौरस मिलिमीटर म्हणजे मिलिमीटरचा वर्ग, मीटरच्या वर्गाचा हजारावा भाग नव्हे. उपसर्गाचाही वर्ग होतो. म्हणून १ मिमी म्हणजे १,००० मायक्रोमीटर (यालाच मायक्रॉनही म्हणतात) असले तरी १ चौरस मिमी म्हणजे १० लाख चौरस मायक्रोमीटर. १ चौरस सेंमीमध्ये ते १० कोटी बसतात आणि १ चौरस मीटरमध्ये १ लाख कोटी. खाली उतरत गेलं तरी नियम तोच: १ चौरस मायक्रोमीटरमध्ये १० लाख चौरस नॅनोमीटर आणि १ चौरस नॅनोमीटरमध्ये १०० चौरस अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). हा नियम ‘बार्न’ला मात्र लागू होत नाही. अणुकेंद्रांच्या टकरींसाठी वापरलं जाणारं हे एकक १०चा उणे २८ घात इतके चौरस मीटर एवढं आहे. बार्न हे मुळातच क्षेत्रफळ असल्यामुळे त्याच्या उपसर्गाचा वर्ग होत नाही. मिलिबार्न म्हणजे बार्नचा हजारावा भाग, दहा लाखावा नाही. दोन्ही नियम एकाच कागदावर वापरावे लागले की चुका ठरलेल्या.

विंडोजचा कॅल्क्युलेटर इथे फार वेळ घेत नाही. क्षेत्रफळाच्या पानावर त्याचं सर्वांत लहान एकक चौरस मिलिमीटर. कागदाचा ताव आणि किल्ला हीसुद्धा तिथे गमतीची मापं म्हणून दाखवली जातात, पण चौरस मायक्रोमीटर नाही. ३५० चौरस मायक्रोमीटरचे चौरस इंच हवे असतील तर आधी स्वतः ०.०००३५ चौरस मिमी करून ते भरायचे. म्हणजे जिथे चूक होते, नेमकी तीच पायरी माणसाच्या गळ्यात. शून्यं मोजताना एक कमी-जास्त झालं तर यंत्र बिचारं काय करणार? चौरस मिमी आणि चौरस इंच यांच्यापुरतं ते चांगलं आहे. १ चौरस इंच म्हणजे नेमके ६४५.१६ चौरस मिमी. ‘नेमके’ म्हणजे अगदी नेमके, कारण १९५९पासून इंच म्हणजे २५.४ मिमी हे ठरावानेच पक्कं आहे. कोणत्याही साधनाची पहिली चाचणी म्हणून हा आकडा लक्षात ठेवावा.

गूगलच्या पेटीत क्षेत्रफळाची यादी त्याहून तोकडी आहे. चौरस किलोमीटर, मैल, एकर, हेक्टर असं उतरत ती चौरस इंचाशी थांबते. शोधाच्या रकान्यात प्रश्न शब्दांत लिहिला तर चौरस मायक्रोमीटरचंही उत्तर मिळतं, त्यामुळे घाईच्या वेळी ती कामाला येते. पण यादी वापरणाऱ्याने एक जपावं. यादीत ‘स्क्वेअर माइल’ असतो आणि हवा असतो ‘स्क्वेअर मिल’ (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोघांत एका अक्षराचा फरक. एका मैलात ६ कोटी ३३ लाख ६० हजार मिल असतात, तेव्हा वर्ग केल्यावर चूक चारावर १५ शून्यं इतक्या पटींची होते. इतकी मोठी चूक निदान नजरेत तरी भरते.

‘मिल’चा दुसरा घोळ जास्त घातक आहे. बोलताना बरेच जण मिलिमीटरला ‘मिल’ म्हणून मोकळे होतात. सर्किट बोर्डाच्या आणि तारेच्या कागदपत्रांत मात्र मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रोमीटर. काही ठिकाणी त्यालाच ‘थाउ’ म्हणतात. १ चौरस मिल म्हणजे ६४५.१६ चौरस मायक्रोमीटर. त्याच्या जागी चौरस मिमी धरला तर उत्तर सुमारे १,५५० पट चुकतं. कोणतंही साधन ही चूक पकडू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही एककं योग्यच आहेत.

एक्सेलकडे वळू. ‘कन्व्हर्ट’ फंक्शनमध्ये चौरस अँगस्ट्रॉम आहे, चौरस इंच आहे, इतकंच काय, चौरस प्रकाशवर्षही आहे. सर्क्युलर मिल (तारेच्या छेदाचं एकक, त्याबद्दल पुढे) नाही. आणि बार्नही नाही. एककाचा संकेत लिहिताना लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी द्यावी लागतात, नाहीतर उत्तराऐवजी त्रुटी दिसते. हे सगळं चालवून घेता येईल. खरी अडचण फंक्शनमध्ये नाही, रकान्याच्या मांडणीत आहे. रकाना दोन दशांश स्थळांवर ठेवला असेल तर ०.०००३५ तिथे ०.०० दिसतं. आत मूळ किंमत शाबूत असते, बेरीजही बरोबर येते, म्हणून कुणाला काळजी वाटत नाही. पण तीच फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, म्हणून जतन केली की एक्सेल दिसणारा आकडा लिहितो, आतला नाही. पुढच्या माणसाच्या हातात खरोखरीचं शून्य पडतं. ‘दाखवल्याप्रमाणे अचूकता’ हा पर्याय चालू असेल तर मूळ फाइलमधली किंमतही कायमची जाते. उपाय साधा आहे. रकान्याचं एकक असं निवडा की आकडे ०.१ ते १,०००च्या दरम्यान राहतील. चौरस मायक्रोमीटरची मापं चौरस मीटरमध्ये साठवण्यात काहीच शहाणपण नाही. रकान्याच्या शीर्षकात एकक लिहायला विसरू नका. मापांचा मोठा तक्ता असेल तर एक्सेलला पर्याय नाही, पण रूपांतराचा गुणक बाहेरून पडताळून एका वेगळ्या खान्यात ठेवलेला बरा.

आता ग्नू युनिट्स. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालणारा प्रोग्रॅम, ना बटणं, ना याद्या. सुरू केला की तो ‘यू हॅव’ विचारतो, म्हणजे काय आहे. मग ‘यू वाँट’, म्हणजे काय हवं आहे. ‘^२’ म्हणजे वर्ग.

यू हॅव: मिल^२
यू वाँट: मायक्रॉन^२
* ६४५.१६
/ ०.००१५५०००३१

नवख्याला या दोन ओळींचं कोडं पडतं. चांदणीच्या ओळीतला आकडा हे थेट उत्तर: १ चौरस मिल म्हणजे इतके चौरस मायक्रॉन. तिरक्या रेघेची ओळ उलट्या बाजूचा गुणक देते. ‘यू वाँट’समोर काहीच न लिहिता एंटर दाबलं तर तो दिलेली राशी मूळ एककांत, म्हणजे इथे चौरस मीटरमध्ये, उलगडून दाखवतो. आणि प्रश्नचिन्ह दिलं तर त्या जातीची सगळी एककं समोर मांडतो. सर्क्युलर मिल, बार्न, खडकाची पारगम्यता मोजणारं डार्सी अशी एरवी न भेटणारी मंडळी तिथे भेटतात. (डार्सीला क्षेत्रफळाची मिती आहे. १ डार्सी म्हणजे जेमतेम ०.९८७ चौरस मायक्रोमीटर.)

सर्क्युलर मिल या एककाबद्दल थोडं सविस्तर, कारण तारेच्या कामात सगळा गोंधळ तिथेच होतो. १ मिल व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे १ सर्क्युलर मिल. सोय अशी की गोल तारेचा व्यास मिलमध्ये मोजून त्याचा नुसता वर्ग केला की क्षेत्रफळ मिळतं, ‘पाय’ (π) लागत नाही. तारेची जाडी क्रमांकाने सांगणाऱ्या अमेरिकन गेज पद्धतीत ३६ नंबरच्या तारेचा व्यास व्याख्येनेच ५ मिल आहे. तिचा छेद २५ सर्क्युलर मिल, म्हणजे ०.०१२६६७७ चौरस मिमी. हेच २५ कुणी चौरस मिल समजून बदलले तर ०.०१६१२९ येतं, सुमारे २७ टक्के जास्त. कारण चौरस आणि त्यात बसणारं वर्तुळ यांचं गुणोत्तर: चाराला π ने भागलं की १.२७३. कुठल्याही दोन उत्तरांत नेमका २७ टक्के फरक दिसला तर दुसरीकडे शोधाशोध करू नका.

पदरी तारेत आणखी एक पायरी चुकते. ५ मिलच्या ७ पदरांची तार असेल तर एका पदराचे २५ गुणिले ७, म्हणजे १७५ सर्क्युलर मिल, ०.०८८७ चौरस मिमी. पण मोजताना कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) सगळ्या जुडग्याला लावला जातो. मधे एक आणि भोवती सहा अशी रचना असल्याने बाहेरचा व्यास १५ मिल भरतो. त्याचा वर्ग २२५. पदरांमधली हवासुद्धा तांब्याच्या हिशेबात गेली आणि छेद जवळजवळ २९ टक्के फुगला. इथे रूपांतर बिनचूक असतं, माप चुकीचं.

ग्नू युनिट्समध्ये गेजही थेट देता येतो. ‘वायरगेज(३०)’ लिहून मिलिमीटर मागितले की व्यास ०.२५४६ येतो. शून्य गेजसाठी ०, दुहेरी शून्यासाठी (००) उणे १, तिहेरीसाठी (०००) उणे २. हे फंक्शन व्यास देतं, क्षेत्रफळ नाही, हे विसरू नये. क्षेत्रफळासाठी ‘सर्कलएरिया’ आहे, आणि त्याला त्रिज्या लागते. ५ मिल व्यासाच्या तारेसाठी आत २.५ मिल द्यायचे. ५ दिले की उत्तर २५ऐवजी १०० सर्क्युलर मिल. उलट दिशेनेही ते चालतं: ०.०५ चौरस मिमी देऊन ‘यू वाँट’समोर नुसतं ‘सर्कलएरिया’ लिहा, त्रिज्या मिळते, ०.०००१२६१६ मीटर.

आता सापळे. पहिला घाताचा. ‘५ मिल^२’ आणि ‘(५ मिल)^२’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात घात फक्त एककाला लागतो, म्हणजे ५ चौरस मिल. दुसऱ्यात ५ मिल बाजूचा चौरस, २५ चौरस मिल. बाजू मोजली असेल तर कंस हवाच. हे नियमाला धरूनच आहे, पण घाईत हात कंसाकडे जात नाही.

दुसरा सापळा एका मोकळ्या जागेचा. ‘मायक्रोमीटर^२’ हे सलग लिहिलं तर मायक्रोमीटरचा वर्ग. ‘मायक्रो मीटर^२’ असं तोडून लिहिलं तर प्रोग्रॅम ‘मायक्रो’ला स्वतंत्र संख्या समजतो, दहा लाखावा भाग, आणि त्याने चौरस मीटरला गुणतो. उत्तर १ चौरस मिमी. दहा लाख पटींची चूक, आणि एका अक्षराची तक्रार नाही! तीच मोकळी जागा मायक्रोच्या छोट्या खुणेनंतर, म्हणजे इंग्रजी ‘यू’नंतर पडली तर मात्र तो अडतो, कारण एकटा ‘यू’ त्याच्या कोशात अणुवस्तुमानाचं एकक आहे. वस्तुमान आणि क्षेत्रफळ जुळत नाही म्हणून तो ‘कन्फॉर्मॅबिलिटी एरर’ दाखवतो. सगळ्यात सुरक्षित शब्द ‘मायक्रॉन’. तोडायला मधे जागाच नाही.

तिसरा सापळा सगळ्यांत सुंदर आहे, आणि तो पेशी मोजण्याच्या न्यूबाउर चेंबरवर छान दिसतो. या काचेवरचा सर्वांत लहान चौकोन ०.०५ मिमी बाजूचा, म्हणजे ०.००२५ चौरस मिमी, म्हणजेच १/४०० चौरस मिमी. अपूर्णांक हाताशी आहे म्हणून कुणीही तो तसाच लिहील:

यू हॅव: १/४०० मिलिमीटर^२
यू वाँट: मायक्रॉन^२
रेसिप्रोकल कन्व्हर्जन
* ४ई+०८

‘४ई+०८’ म्हणजे ४ गुणिले १०चा ८वा घात. उत्तर हवं होतं २,५००, मिळालं ४० कोटी. झालं काय? या प्रोग्रॅममध्ये शेजारी-शेजारी लिहून केलेला गुणाकार भागाकाराच्या आधी होतो. त्याने ‘४०० चौरस मिमी’ आधी जोडलं आणि एकाला त्याने भागलं, म्हणजे राशी क्षेत्रफळाची राहिली नाही, त्याच्या व्यस्ताची झाली. पुढे तो मदतीच्या हौसेने व्यस्त काढून रूपांतर करून देतो. ‘रेसिप्रोकल कन्व्हर्जन’ ही एक ओळ तेवढी इशारा म्हणून येते. अपूर्णांकासाठी तिरकी रेघ नाही, उभी रेघ वापरायची: ‘१|४०० मिलिमीटर^२’. मग चांदणीसमोर २५०० येतं. आणि प्रोग्रॅम ‘स्ट्रिक्ट’ या पर्यायासह सुरू केला तर ही आगाऊ मदत बंद होते, सरळ त्रुटी दिसते. सूक्ष्म क्षेत्रफळांचं काम करणाऱ्याने तो पर्याय कायम चालू ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. गंमत म्हणजे हाच प्राधान्यक्रम घनता, म्हणजे दर चौरस मिमी किती पेशी, हे काढताना सोयीचा पडतो. ‘४० / ०.००२५ मिलिमीटर^२’ लिहिलं की कंसाशिवाय दर चौरस मिमी १६,००० हे बरोबर उत्तर मिळतं.

रोज लागणारी मापं स्वतःच्या नावाने ठेवता येतात. घरच्या फोल्डरमध्ये ‘.युनिट्स’ नावाची साधी मजकुराची फाइल करायची, प्रत्येक ओळीत आधी नाव, मग मोकळी जागा, मग व्याख्या. ‘चौकोन १|४०० मिलिमीटर^२’ अशी एक ओळ घातली की पुढे ‘१६ चौकोन’ लिहून थेट चौरस मायक्रॉन मागता येतात. पिक्सलसाठी हे फार उपयोगी आहे. २.४ मायक्रोमीटर बाजूच्या पिक्सलची व्याख्या ‘(२.४ मायक्रॉन)^२’ अशी कंसासह द्या, ५.७६ चौरस मायक्रॉन येतील. फोटो आकाराने निम्मा करून साठवला असेल तर व्याख्येतली बाजू दुप्पट करायची, क्षेत्रफळ चौपट होतं. क्षेत्रफळ दुप्पट करून मोकळं होणं ही इथली नेहमीची चूक.

प्रोग्रॅमबद्दलची खरी तक्रार अचूकतेच्या दिखाव्याची आहे. तो मुळात ८ सार्थ अंक देतो, हवे तर जास्तही. पण माप किती पक्कं आहे हे त्याला ठाऊक नसतं. २५ मायक्रोमीटर बाजू अर्ध्या मायक्रोमीटरच्या फरकाने मोजली असेल तर क्षेत्रफळ साधारण ६०० ते ६५० चौरस मायक्रोमीटरच्या मधे कुठेही असू शकतं. लांबीतली २ टक्के चूक वर्गात ४ टक्के होते. प्रोग्रॅम मात्र ०.९६८७५१९४ चौरस मिल असं ठणकावून सांगतो. अहवालात ०.९७ लिहावं. ही खोड चारही साधनांना आहे, फक्त इथे आकडे जास्त लांब असल्याने मोह जास्त होतो.

बाकी उणिवा वरवरच्या. इंग्रजी स्पेलिंग पक्कं हवं, फोनवर टाइप करायला कंटाळवाणं, आणि ज्याने टर्मिनल कधी उघडलं नाही त्याला पहिला अर्धा तास अनोळखी वाटेल. शाळेच्या गृहपाठासाठी एवढा खटाटोप नको, विंडोजचा कॅल्क्युलेटर पुरे.

लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ‘युनिट्स’ याच नावाच्या पॅकेजमध्ये तो मिळतो. विंडोजसाठी वेगळी आवृत्ती आहे. काही यंत्रांवर याच नावाचा वेगळा, कमी एककांचा प्रोग्रॅम आधीपासून बसलेला असतो, म्हणून बसवल्यावर तीन प्रश्न विचारून घ्या. चौरस मिलचे चौरस मायक्रॉन: ६४५.१६. सर्क्युलर मिलचे चौरस मायक्रॉन: ५०६.७०७४८. बार्नचे चौरस नॅनोमीटर: १०चा उणे १० घात. दुसऱ्या प्रश्नाला ‘अननोन युनिट’ असं उत्तर आलं तर तुमच्यासमोर तो दुसरा प्रोग्रॅम असण्याची शक्यता मोठी. आवृत्ती विचारा, आणि नावाआधी ‘ग्नू’ दिसलं नाही तर पॅकेज पुन्हा बसवा.